एफ-ड्रॉइडसाठी बिल्डच्या सूचना लिहिताना

एफ-ड्रॉइड या मुक्त-स्रोत अँड्रॉइड ॲप्सच्या भांडारावर विकसकाची तयार एपीके (इन्स्टॉल करण्याची) फाइल तशीच स्वीकारली जात नाही. ॲप मूळ सोर्स कोडपासून बिल्ड केले जाते, म्हणजे त्या कोडपासून इन्स्टॉल करण्याजोगी फाइल तयार केली जाते, आणि त्यासाठीच्या सूचना प्रत्येक ॲपच्या याम्ल (साध्या मजकुरातील नोंदींच्या) फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. आवृत्तीचे नाव, क्रमांक, उपफोल्डर आणि ग्रेडल या बिल्ड साधनाचा फ्लेवर (ॲपचा कोणता प्रकार बनवायचा ते) या नोंदी पटकन होतात. कमिटच्या, म्हणजे कोडची नेमकी कोणती जतन केलेली स्थिती घ्यायची, त्या नोंदीला मात्र मी सर्वाधिक महत्त्व देतो. तिथे टॅग (कमिटला दिलेले नाव) लिहूनही बिल्ड होते, पण टॅग नंतर दुसऱ्या कमिटवर हलवता येतो, आणि मग त्याच आवृत्तीच्या नावाखाली वेगळाच कोड बिल्ड होण्याची शक्यता उरते. म्हणून तिथे कमिटचा पूर्ण हॅशच, म्हणजे त्याची न बदलणारी ओळखखूण, लिहावा.

बिल्डपूर्वी स्कॅनर कोड तपासतो आणि आधीच कंपाइल केलेल्या जार किंवा एसओ फाइली आढळल्यास बिल्ड थांबवतो. अशा फाइली ‘स्कॅनइग्नोर’ या तपासणीतून वगळण्याच्या यादीत टाकून मोकळे होण्याचा मोह टाळावा असे मला कळकळीने वाटते, कारण ज्या भागाचा सोर्स कोणी तपासलेला नाही, तोच वापरकर्त्याच्या फोनपर्यंत पोहोचतो. ‘स्कॅनडिलीट’ने त्या काढून ते घटक सोर्समधूनच बिल्ड करावेत, त्यात वेळ बराच जातो, पण तो सार्थकी लागतो. पुढच्या आवृत्त्यांसाठी, नवी आवृत्ती कशी शोधायची हे सांगणाऱ्या ‘अपडेटचेकमोड’मध्ये ‘टॅग्ज’ लिहिले आणि स्वयंचलित अद्ययावतीकरण चालू ठेवले, की नवा टॅग दिसताच त्याची नोंद आपोआप जोडली जाते.