पीआय फिरला की स्पर दिसतो

मी फोंड्यात घरून काम करतो, हाय-स्पीड सर्डेसचं (चिपमधून चिपकडे एकामागोमाग एक बिट पाठवणारं-घेणारं सर्किट) ॲनालॉग डिझाइन. मागच्या पावसाळ्यात आमची २८ जीबीपीएसची रिसीव्हर चिप फॅबमधून आली. बेंगळुरूच्या लॅबमध्ये दोन्ही टोकांना एकच रेफरन्स क्लॉक लावला की सगळं चकाचक, पण वेगवेगळे क्लॉक लावून १०० पीपीएमचा (दहा लाखात १००) फरक दिला की बिट एरर सुरू.

लॅबवाला मित्र सांगलीचा. फोनवर म्हणतो, "रिकव्हर्ड क्लॉकवर ५.६ मेगाहर्ट्झला स्पर आहे बघ, सप्लायच आहे हा, रेग्युलेटर बदलूया." रिकव्हर्ड क्लॉक म्हणजे येणाऱ्या डेटावरून रिसीव्हरने काढलेला क्लॉक, आणि स्पर म्हणजे स्पेक्ट्रममध्ये एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला उभं राहिलेलं नको असलेलं टोक. नेमकी तेव्हाच इथे लाईट गेली, राऊटर बंद, व्हीपीएन गेलं (जुलैत फोंड्यात हे काही नवीन नाही), मग वही काढली.

आमचा फेज इंटरपोलेटर (पीआय) म्हणजे ९० अंशांनी मागेपुढे असलेले आय आणि क्यू क्लॉक कमीजास्त मिसळून मधला हवा तो फेज काढणारा ब्लॉक, ७ बिटचा, म्हणजे एका फेरीत १२८ पायऱ्या, १४ गिगाहर्ट्झला एक पायरी जेमतेम ०.५६ पिकोसेकंद. क्लॉक एकच असला की कोड, म्हणजे कितवी पायरी ते सांगणारा आकडा, जागच्या जागी राहतो, पायऱ्या वाकड्या असल्या तरी कुणाला कळत नाही. पीपीएमचा फरक आला की तो भरून काढायला कोड गोल फिरायला लागतो आणि तो सगळा वाकडेपणा जिटर (क्लॉकच्या वेळेतली थरथर) होऊन बाहेर येतो. १४ गिगाहर्ट्झचे १०० पीपीएम म्हणजे १.४ मेगाहर्ट्झ, कोड सेकंदाला तेवढ्या फेऱ्या मारतो, आणि ५.६ बरोब्बर चौपट!

म्हटलं, "२०० पीपीएम कर रे." स्पर ११.२ ला गेला. रेग्युलेटरला पीपीएमशी काय देणंघेणं?

आय-क्यूमधलं ९० अंशांचं अंतर चुकलं असतं तर स्परची फ्रिक्वेन्सी दुप्पट आली असती. चौपट म्हणजे फेरीच्या प्रत्येक क्वाड्रंटमध्ये (९० अंशांच्या पावभागात) तीच चूक. वेट, म्हणजे आय-क्यू मिसळायचं प्रमाण, सरळ रेषेत वाढवले तर ४ अंशांची चूक येतेच, पण आम्ही वेट आधीच वाकवून घेतलेले. म्हणजे राहिल्या क्लॉकच्या एजेस (क्लॉक वर-खाली होतानाचे चढ-उतार). त्या फार शार्प असल्या तर एकमेकींवर चढतच नाहीत, मिसळणार काय, आऊटपुट एका एजवरून थेट दुसरीवर उडी मारतो.

चिप ठेवलेला टेस्ट चेंबर गरम करायला सांगितलं, एजेस मंदावल्या आणि स्पर खाली. मग रूम टेंपरेचरला स्लू स्टेजचा (एजेस मंद करणारा भाग) कॅप कोड, म्हणजे कपॅसिटरचं सेटिंग, वाढवला तर आणखीच खाली. रँडम जिटर थोडा वाढला, मंद एजवर नॉइज जास्त बोलतो, तो तर वाढणारच, पण ३०० पीपीएमलाही एरर नाहीत म्हटल्यावर तेवढं चालतं आम्हाला.