‘ऐरेन’: इंग्रजीने टाकून दिलेले अंडे

इंग्रजीतला ‘एग’ हा शब्द मुळात परका आहे आणि त्याने ज्या अस्सल इंग्रजी शब्दाला हुसकावून लावले तो आज फक्त कोशांत सापडतो. तो शब्द म्हणजे ‘ऐ’, आणि त्याचे अनेकवचन ‘ऐरेन’.

इंग्लंडमध्ये मुद्रणकला आणणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने १४९० साली ‘एनेडॉस’ या आपल्या भाषांतराच्या प्रस्तावनेत एक किस्सा नोंदवला आहे. समुद्रमार्गे नेदरलँड्समधील झीलंडला निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे थेम्स नदीतच खोळंबले आणि खाण्यापिण्याच्या सोयीसाठी किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यातील शेफील्ड नावाच्या कापडव्यापाऱ्याने एका घरी ‘एग्ज’ मागितली, तेव्हा घरधनीण म्हणाली की तिला फ्रेंच येत नाही. शेफील्ड भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! अखेर दुसऱ्या कोणी ‘ऐरेन’ हवीत असे सांगितल्यावर बाईला उलगडा झाला. आता लिहावे तरी काय, ‘एग्ज’ की ‘ऐरेन’, असा कॅक्स्टनचा सवाल आहे, आणि एकच मजकूर सगळ्या मुलखात विकायचा असलेल्या मुद्रकाला तो पडणे अगदी रास्त होते.

वास्तविक दोन्ही शब्द एकाच जर्मानिक मुळाचे आहेत. मुळातला ‘य’ जुन्या इंग्रजीत तसाच राहिला, तर नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत वस्ती केलेल्या व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत तो कठोर होऊन ‘ग’ झाला. ‘ऐरेन’मधला ‘र’ हा जुन्या अनेकवचनाचा अवशेष असून, तो अनेकवचनी वाटेनासा झाल्यावर त्यापुढे ‘एन’ची भर पडली, ‘चिल्ड्रन’ची घडणही नेमकी अशीच आहे.

राजधानीची बोली जिंकते, असे आपण सरसकट म्हणतो. मला मात्र हे उदाहरण त्या समजुतीला छेद देणारे वाटते, कारण येथे दक्षिणेतला शब्द हरला आणि उत्तरेकडून आलेल्या शब्दाने लंडनही काबीज केले. मध्य आणि उत्तर इंग्लंडमधून राजधानीत येऊन राहिलेल्या लोकांचा यात मोठा वाटा असावा.

तरीही ‘ऐ’ पुरता नामशेष झालेला नाही; ‘कॉकनी’च्या शेवटी तो दडून बसला आहे. ‘कॉकनी’ या शब्दाची बहुतेक कोशकारांनी मान्य केलेली व्युत्पत्ती ‘कोंबड्याचे अंडे’ अशी आहे: आधी लहान, बेढब अंडे, मग लाडावलेले मूल, त्यानंतर नाजूक शहरी माणूस आणि शेवटी खास लंडनकर, असा त्याच्या अर्थाचा प्रवास झाला.