मागे राहील त्याचा देश

निवृत्तीनंतर परदेशात कुठे राहायचं, हा विषय आमच्या घरात बरेच दिवस चालू आहे. नवऱ्याने रीतसर तक्ता केलाय. देश डावीकडे, वर हवामान, घरभाडं, कर, व्हिसा. त्यात एक रकाना मी वाढवला आणि आता सगळा निर्णय त्याच्यावरच अडतोय. रकान्याचं नाव 'एकटं'. आपल्या दोघांतलं एक जण आधी जाणार. जो मागे राहील त्याला त्या देशात, त्या घरात, हातात असलेल्या कागदांवर नीट जगता येईल का?

नवऱ्याला हे पहिल्यांदा अजिबात रुचलं नाही. "अगं, आपण तिथे जगायला चाललोय ना?" म्हणाला. मी म्हटलं, "जगायलाच. दोघांनाही शेवटपर्यंत."

मी फिजिओथेरपिस्ट. उभी हयात गुडघे, खुबे आणि पडून मोडलेली मनगटं यांच्यात गेली. साठीतली जोडपी माझ्याकडे यायची तेव्हा एक जण टेबलावर आणि दुसरं शेजारच्या खुर्चीत औषधांची पिशवी घेऊन बसलेलं असायचं. काही वर्षांनी त्यातलंच एक माणूस एकटं यायचं, पिशवी स्वतःच धरून. त्यामुळे कुठल्याही देशाकडे साठीच्या नजरेने बघणं मला जमतच नाही. साठीत माणूस कुठेही रमतो. प्रश्न ऐंशीचा आणि एकट्याचा आहे.

सुरुवात व्हिसापासून करू, कारण निवृत्तीच्या व्हिसाबद्दल लोक 'मिळेल का' एवढंच विचारतात. तो कोणाच्या नावावर मिळतो, हे फार कमी जण विचारतात.

थायलंडचं बघा. वय 50 पूर्ण हवं आणि बँकेत 8 लाख बाथ ठेवायचे किंवा महिना 65,000 बाथ उत्पन्न दाखवायचं. दर वर्षी मुदत वाढवून घ्यायची, दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. हे दोघं असताना काही जड नाही. पण पुष्कळ जोडप्यांमध्ये एकाच्या नावावर पैसे असतात आणि दुसरं त्याच्यावर अवलंबून म्हणून राहतं. मुख्य माणूस गेला की अवलंबून असलेल्याच्या परवानगीचा आधारच जातो आणि त्याला स्वतःच्या नावावर नव्याने पात्र ठरावं लागतं. त्याच वेळी गेलेल्या माणसाचं खातं कोर्ट व्यवस्थापक नेमेपर्यंत गोठलेलं असतं. म्हणजे ज्या आठवड्यात माणसाला रडायलाही फुरसत नाही, त्याच आठवड्यात बँक आणि इमिग्रेशन दोन्ही दारात उभे. थायलंडला जाऊ नये असं मी म्हणत नाही. दोघांची दोन खाती आणि दोघांचे दोन स्वतंत्र अर्ज ठेवता येत असतील तर जरूर जावं.

स्पेनचा हिशोब मी कागदावर मांडून नवऱ्याला दाखवला, तेव्हा त्याला माझा रकाना पटला. तिथे काम न करता राहण्याच्या परवान्यासाठी उत्पन्नाची अट इप्रेम नावाच्या सरकारी निर्देशांकावर मोजतात. तो 2023 पासून महिना 600 युरो आहे. मुख्य अर्जदारासाठी त्याच्या चौपट, म्हणजे 2400, आणि जोडीदारासाठी आणखी 600. दोघांचे मिळून 3000. आता समजा त्यातले 2200 एकाच्या पेन्शनचे आहेत आणि 800 दुसऱ्याच्या. 2200 वाला गेला. त्याच्या पेन्शनमधून जोडीदाराला निम्मी रक्कम लागू झाली, तर हातात आले 1100 आणि स्वतःचे 800, म्हणजे 1900. अट मात्र एकट्या माणसासाठीही 2400 चीच. मधले 500 साठवलेल्या पैशांतून दाखवता आले पाहिजेत आणि ते नूतनीकरणाच्या संपूर्ण मुदतीचे दाखवायचे. पहिला परवाना एक वर्षाचा, मग दोन, मग पुन्हा दोन. पाच वर्षं पुरी झाली की दीर्घ मुदतीचा वास्तव्य परवाना मिळू शकतो आणि तो ज्याचा त्याचा असतो. म्हणून ही पहिली पाच वर्षं नाजूक. त्यासाठी वेगळी गंगाजळी बाजूला काढायची आणि तिला इतर कशालाही हात लावायचा नाही, हे आम्ही ठरवूनच टाकलंय.

खर्चाचंही तसंच. एक माणूस कमी झालं म्हणून खर्च निम्मा होत नाही. भाडं तेच, वीज जवळपास तीच. कुटुंबांच्या उत्पन्नाची तुलना करताना ओईसीडी या प्रगत देशांच्या आर्थिक संघटनेची एक मोजपट्टी वापरतात: पहिल्या प्रौढाला 1, दुसऱ्याला 0.5. म्हणजे दोघांना जिथे दीड लागतो तिथे एकट्याला एक, साधारण दोन तृतीयांश. पेन्शन निम्म्यावर येणार असेल आणि खर्च दोन तृतीयांशावर, तर मधली फट आजच मोजून ठेवायला हवी.

आता घर. स्पेनच्या अलिकान्ते प्रांतात समुद्राकडे तोंड करून टेकड्यांवर बांधलेल्या वसाहती आहेत. उत्तर युरोपातून निवृत्त होऊन आलेली माणसं तिथे वर्षानुवर्षं राहतात. तिथल्या ओळखीच्या एका बाईंकडे आम्ही राहायला गेलो होतो. बाई ऐंशीच्या पुढच्या, यजमान जाऊन फार काळ झाला नव्हता. घर देखणं. गच्चीतून समुद्र दिसतो, खाली बदामाची झाडं. पण रस्त्यापासून दारापर्यंत 31 पायऱ्या आणि कठडा फक्त एका बाजूला, चढताना डाव्या हाताला. बाईंचा डावा खांदा धरलेला. त्या उलट्या होऊन, उजव्या हाताने कठडा पकडून, एकेक पाऊल मागे टाकत वर चढायच्या. शिकवून कोणी इतकं धोक्याचं चढणं शिकवणार नाही, पण गरजेने त्यांनी ते बसवलं होतं. बस टेकडीच्या पायथ्याशी. गाडी नेहमी यजमानांनी चालवलेली; बाईंचा परवाना कधीचाच संपलेला. पासष्टीनंतर तिथे दर पाच वर्षांनी तपासणी करून परवाना नवा करावा लागतो आणि त्या वयात पुन्हा स्टिअरिंग हातात घ्यायची त्यांची हिंमत नव्हती. विजेचं बिल, विमा, घराचा कर, सगळं यजमानांच्या ईमेलवर. पासवर्ड एका वहीत, आणि त्यातले निम्मे जुने.

त्या दोन दिवसांत मी कठड्याचं माप घेतलं, उजव्या बाजूला दुसरा कठडा बसवायचा सुताराला निरोप दिला, आणि नवरा बाईंबरोबर बसून एकेका बिलाचा पत्ता बदलत राहिला. परतताना तोच म्हणाला, "टेकडी नको." मी काहीच बोलले नव्हते.

म्हणून घर बघताना माझी पद्धत ठरलेली आहे. लिफ्ट आहे का, हे विचारायचंच; पण लिफ्टपर्यंत पोचायला आधी चार पायऱ्या आहेत का, तेही बघायचं. जुन्या इमारतींत त्या हमखास असतात. बाथरूमच्या दारातून वॉकर आत जातो का. पलंगापासून संडासापर्यंत रात्री भिंत धरून जाता येतं का. पोर्तुगालचं लिस्बन मला मनापासून आवडतं, पण तिथल्या फुटपाथांचे चुनखडीचे छोटे चौकोनी दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि पाऊस पडला की उतारावर तळपाय टिकत नाही. खुब्याचं हाड मोडलेली इतकी माणसं हाताखालून गेली आहेत की ते दगड मला नुसते सुंदर म्हणून बघता येत नाहीत. पोर्तुगालची एक गोष्ट मात्र मोलाची: कायदेशीर रहिवाशाला तिथली सरकारी आरोग्यसेवा वयाची अट न लावता खुली आहे.

आरोग्याच्या बाबतीत म्हातारपणी खरी अडचण येते ती खासगी विम्यात. पंचाहत्तरीच्या आसपास नवी पॉलिसी द्यायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात आणि जुना आजार असेल तर तो वगळतात. स्पेनमध्ये पहिल्यांदा खासगी विमाच लागतो, पण वर्षभर राहिल्यानंतर विशेष कराराने सरकारी सेवेत शिरता येतं: 65 च्या आत महिना 60 युरो, पुढे 157. औषधांचा खर्च त्यात धरलेला नाही, तरी आधीचा आजार आहे म्हणून दार बंद होत नाही. अमेरिकेतून निवृत्त होणाऱ्यांनी तर हे आधीच वाचावं, कारण मेडिकेअर, म्हणजे तिथला वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, देशाबाहेरच्या उपचारांना सहसा काहीच देत नाही. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनची तऱ्हा वेगळी. तुम्ही फिलिपिन्समध्ये राहिलात तर ती दर वर्षी वाढते. थायलंड, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहिलात तर तिथे गेल्या दिवशीच्या आकड्यावर गोठते. दहा-पंधरा वर्षांनी जो एकटा उरेल त्याच्या हातात तोच जुना आकडा असेल.

वारसा हक्काकडे लोक सगळ्यात शेवटी वळतात, आणि तिथेच मागे राहिलेल्याच्या पायाखालचं घर हलतं. फ्रान्समध्ये मुलांचा वाटा कायद्याने राखलेला आहे: एक मूल असेल तर मालमत्तेचा अर्धा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. स्पेनच्या नागरी संहितेत दोन तृतीयांश मुलांकडे जातात आणि जोडीदाराला एका तृतीयांशाच्या उपभोगाचा हक्क मिळतो. मुलं चांगली असली तरी मुलांना सुना-जावई असतात, कर्जं असतात, अडचणी असतात. सुदैवाने 17 ऑगस्ट 2015 पासून युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत एक सोय आहे: तुम्ही जिथे राहता तिथला कायदा तुमच्या वारशाला लागतो, पण मृत्युपत्रात लिहून ठेवलंत तर आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. एका वाक्याचं काम आहे. ते वाक्य नोटरीपुढे बसून लिहायचंच.

मेक्सिकोची व्यवस्था या बाबतीत मला मनापासून पटली. समुद्रकिनाऱ्यापासून 50 आणि सीमेपासून 100 किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला राहतं घर थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही. ते बँकेच्या विश्वस्त कराराने, फिदेइकोमिसोने, 50 वर्षांसाठी घ्यावं लागतं. ऐकायला जाचक वाटतं. पण त्या करारातच पर्यायी लाभार्थीचं नाव लिहिता येतं, आणि मालक गेला की कोर्टाच्या लांबड्या खटल्याशिवाय हक्क त्या नावाकडे जातो. एका विधवेसाठी किंवा विधुरासाठी याहून दयाळू कागद माझ्या पाहण्यात नाही.

हवामानाबद्दल थोडक्यात: उंची बघा. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरचं क्वेन्का शहर निवृत्तांमध्ये फार लोकप्रिय आहे, पण ते अडीच हजार मीटरवर आहे, आणि हृदय किंवा फुप्फुस आधीच थकलेलं असेल तर तिथे राहण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

नियम बदलतात, हेही धरून चालावं. मलेशियाची दीर्घ वास्तव्याची योजना 2002 पासूनची, आरामात परवडणारी म्हणून प्रसिद्ध. 2021 मध्ये तिची मासिक उत्पन्नाची अट 10,000 रिंगिटवरून एकदम 40,000 वर गेली. 2024 मध्ये पुन्हा सगळी रचना बदलली. पोर्तुगालने 2009 मध्ये आणलेली करसवलत 2024 पासून नव्या माणसांसाठी बंद केली. केवळ एका सवलतीसाठी देश निवडला तर ती गेल्यावर तिथे राहायला दुसरं कारण उरलं पाहिजे.

भाषेबद्दल मला जास्त पोटतिडकीने बोलावंसं वाटतं. परदेशी लोकांच्या वस्तीत इंग्रजीवर छान भागतं, हे खरं. पण रात्री तीन वाजता रुग्णवाहिकेला फोन लावताना पत्ता तिथल्या भाषेत सांगता आला पाहिजे. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांत मी पुन्हा पुन्हा पाहिलंय की नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणीची तेवढी शिल्लक राहते. तेव्हा आपली भाषा बोलणारं एक तरी माणूस हाकेच्या अंतरावर हवं. देश निवडताना त्या देशाइतकीच ही दोन-तीन माणसं महत्त्वाची.

आमचं आता स्पेनच्या व्हॅलेन्सियाकडे झुकलंय. शहर सपाट आहे. 1957 च्या महापुरानंतर तुरिया नदीचं पात्र शहराबाहेरून वळवलं आणि जुन्या पात्रात मैलोन्‌मैल बाग केली. काठी घेऊन चालणाऱ्याला याहून चांगली वाट सापडणार नाही. ऑक्टोबर 2024 च्या पुरात त्या वळवलेल्या पात्रामुळे शहराचा मध्यभाग वाचला, पण दक्षिणेकडच्या वस्त्यांत फार माणसं गेली. त्या प्रांतात 200 हून जास्त बळी गेले, त्यांत वृद्ध पुष्कळ होते, आणि कित्येक जण तळमजल्यावर अडकले. म्हणून गुडघ्यांसाठी सोयीचा वाटणारा तळमजला आम्ही यादीतून काढला. दुसरा किंवा तिसरा मजला, लिफ्ट, आणि लिफ्ट बंद पडली तर चढता येतील अशा, दोन्हीकडे कठडा असलेल्या पायऱ्या.

सध्या नवरा तिथे एकटा जाऊन राहिलाय. माझ्याशी फोनवर बोलायचं, पण कुठलंही काम माझ्याकडून करून घ्यायचं नाही, असं ठरलंय. डॉक्टरांची वेळ घेणं, घरमालकाशी बोलणं, बिल भरणं, बसने इस्पितळापर्यंत जाऊन येणं. तो आला की मी जाणार, त्याच अटीवर. त्याला स्वयंपाक येतो, मला करांचे अर्ज येत नाहीत. तेवढं शिकायला घेतलंय.

मधल्या काळात त्याच्या पेन्शनच्या कार्यालयाला पत्र लिहिलंय: मागे राहिलेल्या जोडीदाराला रक्कम परदेशातल्या खात्यात थेट मिळते का, हयातीचा दाखला तिथून कसा पाठवायचा, आणि पहिला हप्ता यायला किती महिने लागतात. तेवढे महिने पुरतील इतके पैसे माझ्या एकटीच्या खात्यात ठेवायचे आहेत. लेखी उत्तर हातात आलं की व्हिसाचा अर्ज करू.