पौषातलं शीड

आमचा धंदा टॉवेलचा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेड आहे. टॉवेल, नॅपकिन, सणासुदीला थोड्या चादरी. अशा ठिकाणी कुणी फोन करून "शिडासाठी सुती कापड विणून द्याल का" असं विचारलं, की आधी वाटतं राँग नंबर आहे.

फोन विजयदुर्गच्या बाजूचा होता. तिथं वाघोटन खाडीवर एक तरुण जुन्या घाटाचा लाकडी मचवा बांधून घेत होता. चालणार शिडावर, इंजिन फक्त अडीनडीला. पॉलिस्टरचं तयार शीड त्याला मिळत होतं, पण शीड कापणार होता त्याचा मामा, आणि मामाला पॉलिस्टर नको होतं. हा मामा जुना तांडेल, म्हणजे गलबत चालवणारा म्होरक्या. मचव्यांना इंजिनं बसली त्याआधी कौलं आणि लाकूड घेऊन वाऱ्यावर मुंबईपर्यंत गेलेला माणूस.

अटी सगळ्या मामाच्या. साधी वीण, पण घट्ट. सुताला खळ नको, कारण दमट हवेत खळीच्या कापडाला आधी बुरशी धरते. कापडाची रुंदी दोन फूट, त्याहून जास्त नाही. आणि दोन्ही किनारी बंद हव्यात.

खळीचं सोपं होतं. एकेरी सूत मागावर खळीशिवाय टिकत नाही, तुटत राहतं. पण दोन पदर पिळून केलेलं डबल सूत तसंच लागतं. घोडं अडलं ते किनारीपाशी. आता आमच्याकडे बहुतेक माग रेपियरचे, म्हणजे बिनधोट्याचे. रेपियरवर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा प्रत्येक फेरीला कापला जातो, त्यामुळे कडेला टोकं सुटी राहतात. टॉवेलला चालतं, शेवटी कड दुमडून शिवायचीच असते. धोट्याच्या मागावर मात्र धोटा कडेपर्यंत जातो आणि तोच धागा घेऊन परत फिरतो. किनार आपोआप बंद होते, उसवत नाही. असे धोट्याचे चार माग शेडच्या मागच्या भागात उभे होते. भंगारवाला येऊन वजनाचा अंदाजही घेऊन गेला होता.

आमचे जॉबरमामा, म्हणजे माग लावणारे आणि दुरुस्त करणारे, साठीच्या पुढचे. त्यांचे वडील जुन्या मिलमध्ये होते. जुनी मिल म्हणजे १८७७ ची, सोलापुरात कापड गिरण्यांची सुरुवात तिच्यापासून. अटी ऐकून ते म्हणाले, "मालक, मागचे ते माग लावतो की ओ. बसून तर हायत." टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे ताण्याचे रूळ, लागतात, एक जमिनीचा म्हणजे मूळ विणीचा आणि एक लूपचा. त्यांनी एका मागाचा लूपचा बीम उतरवला, लूप काढणारी यंत्रणा सोडवली आणि दोन पदरी दहा काउंटचं जाड सूत भरलं. इंचाला ताणे, म्हणजे उभे धागे, ४४, बाणे ३२. वजन चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास. आमचा चांगला टॉवेलही साधारण तितक्याच वजनाचा असतो, पण त्याचं बरंचसं वजन लूपमध्ये जातं, पाणी प्यायला. इथं सगळं वजन विणीत. फणी ठोकली की शेडची फरशी हादरायची आणि शेजारचा कारखानदार येऊन विचारायचा, काय चाललंय.

थान तयार झालं तर मामा म्हणे, कापड हातात घेतल्याशिवाय कापणार नाही, आणि शीड आखायला सपाट मोठी जमीन लागते. त्यांच्या गावात चिऱ्याची अंगणं, तीही उतरती. संक्रांत तोंडावर होती. पौष लागलेला, म्हणजे लग्नं नाहीत. ओळखीतलं एक मंगल कार्यालय मोकळं पडलं होतं, ते जवळपास फुकटात मिळालं. एरवी वैशाखात त्याच हॉलसाठी लोक वर्षभर आधी पैसे भरतात.

मामा-भाचे आले ते नेमके गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत. नंदीध्वजांची मिरवणूक त्यांनी रस्त्याकडेला उभं राहून पाहिली. कमरेच्या पट्ट्यात काठी पेलून चालणारा तो माणूस, त्याची नजर सारखी वर शेंड्याकडे. मामा बराच वेळ बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "डोलकाठी अशीच उबी करतत. बुडाकडे बघलास तर गेलास."

जेवायला आमच्याकडे उजनीचा मासा केला होता, मुद्दाम. मामांनी एक घास घेतला, शेंगाचटणीची वाटी जवळ ओढली आणि बाकी जेवण भाकरी-चटणीवर उरकलं. गोड्या पाण्याच्या माशाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बायकोला राग आला, मला हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात थान उलगडलं. मामांनी आधी कापड दोन्ही हातांत धरून झटकलं आणि आवाज ऐकला. मग ताण्याच्या दिशेनं ओढलं, बाण्याच्या दिशेनं ओढलं, आणि शेवटी कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, तिरकं. तिरकं ओढताना त्यांचा चेहरा बदलला. कुठलंही विणलेलं कापड उभं-आडवं फार ताणत नाही, तिरकं ताणतं. हे आम्हाला माहीत होतं, पण आमच्या धंद्यात त्यानं काही बिघडत नाही. शिडात मात्र सगळा खेळ तिथंच असतो. अरुंद पट्ट्यांचं कारण तेव्हा कळलं. दोन पट्ट्या जिथं जोडल्या जातात तिथं किनारीवर किनार येऊन दुहेरी कापडाची एक उभी पट्टी तयार होते, आणि ती तिरक्या ताणाला धरून ठेवते. जितक्या शिवणी जास्त, तितकं शीड आकारात राहतं. जॉबरमामा हे ऐकत होते. ते फक्त म्हणाले, "मग किनार बंदच पायजे की."

कागद नव्हता, नकाशा नव्हता. सुतळी, खडू आणि चार खिळे. खिळे फरशीत ठोकता येईनात म्हणून आम्ही चार माणसं कोपऱ्यांवर सुतळी धरून बसलो. शीड जवळजवळ तिकोनी, फक्त पुढचं टोक छाटलेलं. सगळ्यात लांब कड सुमारे ३५ फूट, ती डोलकाठीवर तिरक्या चढवलेल्या काठीला बांधतात. मामांनी ती कड सरळ आखलीच नाही. मधोमध बाहेर फुगवली. भाच्यानं कारण सांगितलं: वारा भरला की ती काठी वाकते, आणि कड सरळ कापलेली असेल तर वाकल्यावर कापड मधे ओढलं जाऊन शीड फळकुटासारखं सपाट होतं. किती फुगवायची हे मात्र भाच्याला सांगता येईना. मामा सुतळीवर पाय दाबून उभे राहिले, थोडं मागे सरकले, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "हयसर." तिथं खडू लागला.

पट्ट्या मागच्या मोकळ्या कडेला समांतर टाकल्या. ती कड कशालाच बांधलेली नसते, त्यामुळे तिथं सरळ ताण्याचा धागा यावा लागतो. पोट कसं येतं हे मला सगळ्यात नवलाचं वाटलं. माझी समजूत होती की शिडाला पोट वारा देतो. पोट शिवणीतून येतं. दोन पट्ट्या एकमेकांवर चढवताना मधे थोड्या आणि टोकाकडे जास्त चढवायच्या, म्हणजे कापड सपाट बसतच नाही, मधे उचलतं. हॉलच्या फरशीवर चार पट्ट्या टाचल्यावर खरंच कापड मधे वर आलं, आणि जॉबरमामांनी हात फिरवून त्याखालची पोकळी चाचपून पाहिली.

शिवण हाताची, मेण लावलेल्या दोऱ्यानं. ती ते गावी जाऊन करणार होते. कडेचा दोरही तिथंच बसणार. दोर शिवताना कापड किंचित सैल सोडायचं, म्हणजे ताण आधी दोरावर येतो, कापडावर नाही.

दुपारी चहाला बसलो तेव्हा बोलणं मचव्यावर गेलं. फळ्या सागवानाच्या, आतली वाकणं, म्हणजे मचव्याच्या बरगड्या, मुळातच वाकलेल्या लाकडातून काढलेली, कारण सरळ लाकूड कापून वाकण केलं तर ते रेषेत फुटतं. फळ्यांच्या सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरतात आणि वर राळ. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं, कापूस दाबला जातो, सांधा बंद होतो. हे ऐकल्यावर जॉबरमामा उठून स्कूटरवर शेडकडे गेले आणि सुताच्या वेस्टचं एक पोतं घेऊन आले. आम्ही हे वेस्ट गॅरेजवाल्यांना किलोवर विकतो, मशीन पुसायला. मामांनी मूठभर काढलं, पीळ उलगडला, तोंडात घालून ओलं केलं आणि बोटांत मळलं. "ह्यां होयां," म्हणाले. "पोतां किती आसत?"

मामा विजयदुर्गबद्दल आमच्यासारखं बोलत नाहीत. आम्ही शाळेत शिकलो की महाराजांनी १६५३ मध्ये आदिलशाहीकडून घेरिया किल्ला घेतला आणि त्याचं नाव विजयदुर्ग झालं. मामांना विषय असतो तो गिर्येच्या गोदीचा. मराठा आरमाराची ती गोदी अजून तिथं आहे, भरतीला जहाज आत घेऊन डागडुजी करायची. आणि दुसरा विषय १७५६ चा, तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याखाली जळालं तो. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली यावर त्यांचं जे मत आहे ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही. ज्याची होडी जळाली त्याच्या बाजूनं बोलायला त्या खाडीत कुणीतरी असायला हवं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्या कापून, आकडे घालून, गुंडाळून झाल्या. कार्यालयाचा रखवालदार फरशीवरचा खडू पुसायला नाखूश होता, त्याला शंभर रुपये दिले. बिलावर "सुती कॅनव्हास" लिहिलं आणि वेस्टची पोती तशीच गाडीत टाकली.

भंगारवाल्याला मी नंतर फोन करून चारांपैकी दोन माग न्यायला सांगितले. दोन ठेवले. चारही ठेवायला जागा नाही, आणि वर्षाला एखादं थान विणून मागाचं वीजबिलसुद्धा निघत नाही, हे मला कळतं.

होळीनंतर भाच्याचा फोन आला. शीड चढलं, वाऱ्यात चाललं. सुरुवातीला मामांनी मंद वाऱ्यातच नेलं, नव्या सुती शिडाला एकदम जोराचा वारा दाखवत नाहीत म्हणून. काठीवरची कड मात्र वीतभर लांबली, पुन्हा ताणून बांधावी लागली. फोन स्पीकरवर होता. जॉबरमामांनी माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतला.

"ताण्यात लांबला की बाण्यात?"

मागून मामांचाच आवाज आला. "तिरक्यात."

"मग पुढच्या थानाला बाणे दोन वाढवतो," जॉबरमामा म्हणाले, आणि सूत किती लागेल ते मला विचारू लागले.