बोअरचं पाणी आणि माझे चुकलेले २५ मिली

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत गावी गेलो तर फिल्टर विकणारा एक जण ओट्यावर बसलेला. त्याने बोअरच्या पाण्यात पेनाएवढा मीटर बुडवला आणि जाहीर केलं, "काका, हार्डनेस आठशे बारा!" मीटर टीडीएसचा होता. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला ठरीव गुणकाने गुणून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज दाखवतो. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम किती (हार्डनेस म्हणजे तेच), हे त्याला कळत नाही. हे मी बाबांना सांगितलं खरं, पण "मग हार्डनेस किती?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परत जाताना बोअरच्या पाण्याची बाटली पिशवीत टाकली.

कॉलेजच्या लॅबमध्ये ते तपासायला सरांनी परवानगी दिली. कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणाऱ्या ईडीटीए या रसायनाचं ०.०१ मोलर द्रावण हवं होतं. लिटरला ३.७२ ग्रॅम लागतं, मला पाव लिटरच करायचं होतं, म्हणून ०.९३ ग्रॅम तोललं. पाण्यात अमोनियाचं बफर घातलं (नाकात झणझणलं), चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) टाकलं, फ्लास्क वाइनसारखा लाल झाला. ब्युरेटची तोटी डाव्या हाताने सोडत, उजव्याने फ्लास्क फिरवत बसलो. पायलट म्हणजे अंदाजाच्या पहिल्या रीडिंगला रंग कधी बदलला कळलंच नाही, थेट निळाच दिसला. पुढच्या वेळी शेवटी थेंब-थेंब सोडलं. लाल जांभळट झाला आणि एका थेंबात स्वच्छ निळा. ११.७. पुन्हा ११.७. सीबीआर, म्हणजे सलग सारखं येणारं ब्युरेट रीडिंग, मिळाला!

जर्नलमधलं सूत्र: रीडिंग गुणिले २०. उत्तर २३४ मिलीग्रॅम प्रतिलिटर, म्हणजेच २३४ पीपीएम (दहा लाख भागांत २३४ भाग). लिटरभर पाणी साधारण किलोभर भरतं आणि किलोत दहा लाख मिलीग्रॅम असतात, म्हणून पाण्यासाठी दोन्ही आकडे एकच धरायचे. भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा २०० आणि दुसरं पाणीच नसेल तर ६००. म्हणजे जेमतेम वर. खुशीत घरी फोन लावला.

आई म्हणाली, "एवढंसंच? मग तूरडाळ तीन शिट्ट्या जास्त का घेते? साबणाला फेस का येत नाही?"

शाळेत आम्ही याला 'दुष्फेन पाणी' म्हणून पाठ केलं होतं. आईला तो शब्द माहीत नाही, पण पाणी माहीत आहे. मी चिडून जर्नल उघडलं. २० आला कुठून? ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिली म्हणजे एक मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट (हार्डनेस त्याच्याच हिशोबात सांगतात). ते ५० मिली नमुन्यात सापडलं, तर लिटरसाठी वीसपट करायचं. आणि माझी पिपेट होती २५ मिलीची! ५० ची कोणीतरी आधीच नेली होती, म्हणून हाताला येईल ती उचललेली. म्हणजे गुणक ४०.

११.७ गुणिले ४०. ४६८.

रीडिंग अचूक, रंग अचूक, दशांश चिन्हही जागेवर, आणि उत्तर बरोब्बर निम्मं. 'किती' लिहिलं होतं, 'कितीत' पाहिलंच नव्हतं.

पुन्हा फोन केला. "चारशे अडुसष्ट."

"हां," आई म्हणाली. "डाळीला मी विहिरीचंच आणते मग."