हरलेल्या उमेदवाराला काय दाखवायचे?

गेल्या सत्रात आमच्या संगणकशास्त्र विभागात इलेक्ट्रॉनिक मतदान आणि त्याची सुरक्षितता या विषयावर चर्चासत्र झाले. दर आठवड्याला एकाने एक शोधनिबंध मांडायचा आणि उरलेल्यांनी त्यावर प्रश्न विचारायचे, एवढीच त्याची रचना होती. यंत्रे कशी फोडली जातात हे शिकायला मिळेल, या अपेक्षेने मी नाव नोंदवले होते. पहिल्याच बैठकीत सरांनी फळ्यावर वेगळा प्रश्न लिहिला: हरलेल्या उमेदवाराला आपण खरोखर हरलो आहोत, हे कशाच्या आधारे पटवून द्यायचे? सत्रभर आम्ही त्या एका प्रश्नाभोवतीच होतो.

माझ्या वाट्याला बेल्जियमचे उदाहरण आले. मे २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्समधील स्कारबेक येथे एका उमेदवाराच्या नावावर शक्य असलेल्या मतांपेक्षाही अधिक मते दिसली. तेथे मतदाराची निवड चुंबकीय कार्डावर नोंदवून ते कार्ड पेटीत टाकले जात असे, त्यामुळे सर्व कार्डे पुन्हा वाचता आली आणि फरक नेमका ४०९६ मतांचा निघाला. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणक प्रत्येक संख्या शून्य आणि एक यांच्या ओळीत साठवतो; त्यातील प्रत्येक स्थानाला बिट म्हणतात आणि त्याची किंमत दोनाचा कुठला तरी घात असते. मोजणी करणाऱ्या संगणकाच्या स्मृतीतील एकच बिट शून्याचा एक झाला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही, कोणी घुसखोरी केल्याचेही दिसले नाही.

ही घटना मांडताना मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब चूक होण्याची नव्हती, तर ती सापडण्याच्या कारणाची होती. आकडा अशक्य होता म्हणून शंका आली. त्याच संख्येतील एखादा खालचा बिट उलटला असता आणि फरक १२८ मतांचा पडला असता, तर कार्डे पुन्हा वाचण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. आणि कार्डेच नसती, तर शंका येऊनही काही करता आले नसते.

प्रत्यक्ष हल्ल्यांचे निबंध वाचायला रंजक होते, परंतु त्यांतून निघणारा धडा फारसा बदलत नव्हता. २००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेत वापरात असलेल्या स्पर्शपडद्याच्या यंत्रात मेमरी कार्डातून पसरणारा विषाणू घालून दाखवला, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समधील कार्यकर्त्यांच्या गटाने मतदानयंत्रावर बुद्धिबळाचा प्रोग्राम चालवला. वॉशिंग्टन शहराने २०१० मध्ये इंटरनेट मतदानाची प्रणाली चाचणीसाठी सर्वांना खुली केली, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या गटाने ४८ तासांच्या आत तिचा जवळजवळ पूर्ण ताबा मिळवला. त्यांनी मत दिल्यानंतरच्या पानावर आपल्या विद्यापीठाचे गीत वाजत राहील अशी सोय केली होती, तरीही अधिकाऱ्यांना घुसखोरीचा पत्ता लागायला कामकाजाचे जवळजवळ दोन दिवस गेले.

बँकेचे व्यवहार यंत्रावर चालतात, मग मतदान का नाही, हा प्रश्न आमच्यातही विचारला गेला, आणि मला वाटते की या विषयात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारायलाच हवा. बँकेत चूक झाली तर आपल्या नावासमोरची नोंद आपण पाहतो, पावती दाखवतो, आणि चूक सिद्ध झाल्यास रक्कम परत मिळते. मताच्या बाबतीत मतदाराचे नाव आणि त्याची निवड यांतील धागा हेतुपूर्वक तोडावा लागतो, कारण आपण कोणाला मत दिले हे जो सिद्ध करू शकतो, त्याला धमकावताही येते आणि विकतही घेता येते. म्हणजे मत योग्य मोजले गेल्याची खात्री हवी, पण ते कोणाला दिले याचा पुरावा मतदाराच्याही हाती राहता कामा नये. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत, आणि या विषयातील खरी अवघड गणिते येथून सुरू होतात.

रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक या संगणकतज्ज्ञांनी २००६ मध्ये मांडलेली कसोटी मला या गुंत्यात सर्वांत उपयोगी वाटली. प्रोग्राममधील न सापडलेल्या दोषामुळे निकालात न सापडणारा बदल होऊ शकत नसेल, तर ती प्रणाली सॉफ्टवेअरवर विसंबून नाही, असे ते म्हणतात. येथे प्रोग्राम निर्दोष असण्याची अट नाही, दोष उघडा पडण्याची अट आहे. मतदाराने पाहिलेली कागदी मतपत्रिका ही कसोटी पार करू शकते, मात्र मतदाराने ती खरोखर पाहिली पाहिजे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगन येथील अभ्यासात यंत्राने मुद्दाम एक निवड बदलून मतपत्रिका छापली, तेव्हा कोणतीही सूचना न मिळालेल्या सहभागींपैकी केवळ ६.६ टक्के लोकांनी तेथील कर्मचाऱ्याला ती चूक सांगितली. त्यामुळे यंत्राने छापलेल्या कागदापेक्षा मतदाराने स्वतः खूण केलेला कागद मला अधिक भरवशाचा वाटू लागला आहे.

कूटलेखनाच्या, म्हणजे माहिती गणिताने गुप्त संकेतात बदलण्याच्या, मार्गाने जाणाऱ्या प्रणालींवर मात्र माझे मन अजूनही आहे. कूटलेखनतज्ज्ञ जॉश बेनालोह यांची एक कल्पना तर विलक्षण सुंदर आहे: यंत्र मत कुलूपबंद करून त्याचा संकेत आधीच दाखवते, आणि त्यानंतर मतदार ठरवतो की हे मत पेटीत टाकायचे, की कुलूप उघडायला लावून आत काय आहे ते तपासायचे आणि मत नव्याने द्यायचे. कोणता मतदार तपासणार हे यंत्राला आधी कळत नाही, म्हणून फसवणूक करताना त्याला प्रत्येक वेळी पकडले जाण्याचा धोका पत्करावा लागतो. परंतु जर्मनीच्या संविधान न्यायालयाने मार्च २००९ मध्ये जे म्हटले, त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे आणि निकाल नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, असे सांगून न्यायालयाने २००५ मध्ये वापरलेल्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याच्या मतदानप्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, अभ्यासकांच्या हाती आला, तेव्हा कोणते मत कोणाचे हे कळू नये म्हणून केलेली मतांची सरमिसळ योग्य झाल्याचा जो गणिती पुरावा होता तोच बनावट करता येतो, असे आढळले. ती त्रुटी शोधायला त्या क्षेत्रातील संशोधकच लागले.

शेवटच्या आधीच्या बैठकीत आम्ही संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी सुचवलेली, जोखमीची मर्यादा आधी ठरवून केली जाणारी तपासणी हाताने करून पाहिली. कागदी मतपत्रिकांच्या ढिगातून दहा बाजूंच्या फाशांनी क्रमांक काढायचे आणि जाहीर निकालाला पुरेसा आधार मिळेपर्यंत मतपत्रिका उचलत राहायचे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून अशी तपासणी राज्यभर होते आणि तेथेही फासे सर्वांसमोर टाकले जातात. चुकीचा निकाल निसटण्याची शक्यता १० टक्क्यांच्या आत ठेवायची, असे ठरवले आणि निकाल ६० विरुद्ध ४० टक्के असला, तर सरासरी १२० मतपत्रिका पाहून काम भागते, मग एकूण मते एक लाख असोत की एक कोटी. ५५ विरुद्ध ४५ ला सुमारे ४७० लागतात, आणि ५१ विरुद्ध ४९ ला अकरा हजारांहून अधिक. म्हणजे किती तपासायचे हे विजयाच्या अंतरावरून ठरायला हवे, हे सूत्रात वाचले होते, पण अटीतटीच्या निकालाचा ढीग उपसताना ते हातांना कळले.

त्या बैठकीत आमच्यातील एका दृष्टिहीन सहाध्यायीने विचारले की, ज्या कागदावर ही सारी तपासणी उभी आहे, तो मी कसा तपासू? ध्वनीच्या साहाय्याने मत नोंदवणारे यंत्र तिला एकटीने मतदान करू देते, पण छापलेली निवड वाचून दाखवणारेही यंत्रच असते, आणि दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावे तर गुप्तता राहत नाही. शेवटची बैठक आम्ही केवळ याच प्रश्नाला दिली. मतदानयंत्राहून स्वतंत्र अशा वाचनयंत्रापासून स्पर्शाने ओळखता येणाऱ्या साच्यापर्यंत अनेक उपाय फळ्यावर आले, आणि प्रत्येक उपायाला तिने शांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारला.