पऱ्यावरचा बांध

दिवाळी सरली, भातझोडणी उरकली, की वाडीत पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बांध घालायला गोण्यांची चौकशी सुरू व्हायची. घर बांधायला काढलेल्यांकडे सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या राखून ठेवल्याचा निरोप असे. शाळेतली मुलं घरटी दोन-दोन आणत, मुंबईच्या मंडळाकडून सुतळी आणि चहा-साखरेचे पैसे येत. कृषी सहाय्यक जागा पाहून जात. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे या कामाला वनराई बंधारा म्हणतात, पण कोकणातल्या वाडीत मात्र ‘रविवारी बांध घालायचाय’ एवढंच म्हटलं जाई.

रत्नागिरीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी एप्रिलात बावीचा, म्हणजे विहिरीचा, तळ दिसतो, कारण जांभा दगड पाणी धरत नाही. त्यामुळे पऱ्या वाहता असतानाच तो अडवायला हवा. फार लवकर घातला तर परतीचा पाऊस बांध घेऊन जातो, डिसेंबर उजाडला तर अडवायला पाणीच उरत नाही.

जागेवरून वाद ठरलेला. प्रत्येकाला बांध आपल्या बावीच्या खाली हवा असे, म्हणजे पाणी तिच्यापर्यंत तुंबेल. जुनी माणसं मात्र तीनच गोष्टी बघत: पात्र अरुंद, काठ उंच, तळाला कातळ. वीस फूट लांब आणि चार फूट उंच बांधाला दोनेकशे गोण्या लागतात. पायथा उंचीच्या दीडपट, म्हणजे सहा फूट, आणि वर जाताना अरुंद होत माथ्याला एकच रांग.

आधी पहारीने तळातला गाळ, पाचोळा, सुटे धोंडे काढायचे. हे काम कंटाळवाणं, म्हणून नेमकं तेच टाळलं जातं, आणि मग पाणी बांधाखालून निघून जातं. गोणी दोन तृतीयांशच भरायची. हौशी पोरं ती गच्च भरत. तशी गोणी गोल होते, शेजारच्या गोणीला चिकटत नाही आणि दोघींच्या मधून धार लागते. नुसती वाळू भरलेली गोणीही पाझरते, माती हवीच. तोंड सुतळीने शिवून, आत दुमडून ठेवायचं. वरची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर, चिऱ्यांच्या भिंतीसारखी. मग पायाने तुडवायची, आणि हे काम लहान मुलांना आपसूक मिळे. दोन्ही टोकं काठात हात-दीड हात घुसवायची. पाणी येतं त्या वरच्या अंगाला चिकणमाती लिंपायची, ताडपत्री असेल तर तिची खालची कड चरात पुरायची.

भरलेली गोणी पस्तीस-चाळीस किलोची. एकट्याने उचलून नेणारा दहा फेऱ्यांत थकतो, म्हणून साखळी: शिक्षक, सरपंच, चाकरमानी, बचत गटाच्या बायका, सगळे एका ओळीत. या ओळीत गप्पांना ऊत येई. दुपारी कुळथाची पिठी, भात, सुकट. तांदूळ घरोघरचा.

शेवटची खुबी सांडव्याची, म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटेची. मध्यभागी एक गोणी कमी ठेवायची, नाहीतर भरलेलं पाणी काठ पोखरून बाजूने वाट काढतं. सांडव्यातलं पाणी पडतं तिथे दगड रचायचे. सगळं झालं की नारळ, आणि मग फोटो. पहिल्या दिवशी बांध पाझरतोच. आठवडाभरात गाळ-पाचोळा फटींत बसतो आणि पाझर मंदावतो. त्यानंतरचा शत्रू खेकडा. तो काठ पोखरतो, आणि त्याच्या मागे लागलेली मुलं गोण्या सरकवतात. ओरडा फक्त खेकड्याला बसत नसे.

पावटा, चवळी, माठ जिवंत राहत, गुरांना मार्चपर्यंत पाणी मिळे, खालच्या बावी महिनाभर जास्त टिकत.

बांध घालायला ऐंशी माणसं, सोडवायला मात्र मे अखेरीस पाचजण. नारळ नाही, फोटो नाही, पिठीही नाही. पण ते काम चुकलं तर पहिल्याच पुरात गोण्या वाहून रस्त्याखालच्या मोरीत अडकतात, पाणी रस्त्यावर येतं आणि प्लॅस्टिकचे धागे शेतभर पसरतात. वरच्या रांगेतल्या गोण्या तोवर उन्हाने पार कुजलेल्या असत, हात लावला की चुरा. पाण्याखालच्या मात्र धडधाकट निघत. त्या झटकून, धुऊन शाळेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, वाळत पडत, आणि हेडमास्तर मोजून माळ्यावर टाकत: यंदा साठ निघाल्या, पुढच्या खेपेला एकशेचाळीस गोळा करायच्या.